विषय जाहीर होण्यापूर्वीं



‘लुडम डेअर’ हे दोन लॅटिन शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ खेळ आणि दुसऱ्याचा देणें. दोन्ही मिळून ‘खेळ देणें’ असा सरळ अर्थ होतो. परंतु दुसऱ्या शब्दाचीं अक्षरें इंग्रजीच्या सवयीनें वाचलीं तर त्यांतून छाती करणें, आव्हान देणें असाहि ध्वनि उमटतो. आणि ज्या उद्योगाला हें नांव देण्यांत आलें त्याला हे दोन्ही अर्थ सारखेच शोभतात. जेफ हाउलंड या गृहस्थानें एप्रिल २००२ मध्यें संगणकावरील खेळ तयार करणाऱ्या हौशी मंडळींपुढें एक स्पर्धा मांडली. विषय आयत्या वेळीं सांगावयाचा, आणि तो कळल्यापासून चोवीस तासांच्या आंत एक पुरा खेळ करून दाखवावयाचा. त्या पहिल्या खेपेला अठरा जणांनीं भाग घेतला. विषय होता ‘अप्रत्यक्ष व्यवहार’. म्हणजे खेळणाऱ्यानें पडद्यावरील पात्राला सरळ हातानें न चालवितां आडमार्गानें, भोंवतालची परिस्थिति बदलून, चालवावयाचें. पुढें मुदत अट्ठेचाळीस तासांची झाली, आणि वर्षांतून दोन-तीन वेळां जगांतील शेंकडों, नंतर हजारों माणसें एका शनिवार-रविवारीं हा उद्योग करूं लागलीं.

आजच्या भाषणांत या उद्योगाचा समग्र इतिहास सांगण्याचा माझा मानस नाहीं. त्यांतील एका लहानशा कोपऱ्याकडे मी आपलें लक्ष वेधणार आहें. विषय जाहीर होण्यापूर्वीं जे चार-आठ दिवस असतात त्या दिवसांत स्पर्धक काय करतो, त्यानें काय करावें, आणि जें तो करतो तें प्रामाणिकपणाला धरून आहे कीं नाहीं, हा तो कोपरा. वरवर पाहतां हा प्रश्न पोरखेळाचा वाटेल. परंतु कल्पना येते कोठून, आणि ती आधीं आणून सांठवून ठेवतां येते काय, हे जे प्रश्न कवींना आणि शिल्पज्ञांना पिढ्यान्‌पिढ्या पडत आले, तेच येथें समोर घड्याळ ठेवून विचारले गेले आहेत; म्हणून मला त्यांत गोडी वाटते.

संगणकावरील खेळांत काय काय असतें हें प्रथम ध्यानांत घ्यावें. पडद्यावर दिसणारीं चित्रें काढावीं लागतात. आवाज आणि संगीत जुळवावें लागतें. आणि या सर्वांना हालविणारा प्रोग्राम लिहावा लागतो. पण या तिहींच्या मुळाशीं एक नियम असतो, आणि खेळाचा जीव त्या नियमांत असतो. सोंगट्यांच्या खेळांत फांसे टाकून दान घ्यावयाचें, बुद्धिबळांत घोड्यानें अडीच घरें चालावयाचें. हें एकदां सुचलें म्हणजे सोंगट्या लांकडाच्या करावयाच्या कीं हस्तिदंताच्या, हा पुढचा प्रश्न. अट्ठेचाळीस तासांतून झोंप, जेवण आणि अपरिहार्य गोंधळ वजा केला तर तीसेक तास हातीं राहतात. त्यांतले आठ तास ‘काय करूं’ या विचारांत गेले तर उरलेल्या बावीस तासांत चित्रें, आवाज आणि प्रोग्राम सर्व उरकावें लागतें. अपुरे राहिलेले खेळ बहुतकरून या आठ तासांपायींच अपुरे राहतात. म्हणून आधींच कांहीं तरी सुचवून ठेवावें असा मोह होणें अगदीं स्वाभाविक आहे.

आणि लुडम डेअरची रीतच अशी कीं तिनें हा मोह वाढवावा. विषय कोणी अध्यक्ष आपल्या मर्जीनें ठरवीत नसे. आधीं सर्वांकडून विषय मागवावयाचे, त्यांची चाळणी करावयाची, आणि मग मतदानाच्या फेऱ्या घ्यावयाच्या, असा क्रम रूढ झाला. शेवटच्या फेरींत थोडेच विषय उरत, आणि त्यांपैकीं कोणता निवडला गेला हें स्पर्धेच्या प्रारंभाच्या ठोक्यालाच कळे. म्हणजे प्रारंभापूर्वीं प्रत्येकाच्या हातांत कांहीं विषयांची एक यादी असे. वही उघडावी, एकेका विषयापुढें एकेक कल्पना टिपून ठेवावी, आणि जो विषय निघेल त्याचें पान काढावें, यापेक्षां सोपें काय? कित्येकांनीं तसें केलें. इतकेंच नव्हे तर आपल्या याद्या उघडपणें इतरांना दाखविल्या.

नियम काय सांगत होते? एकट्यानें अट्ठेचाळीस तासांत करावयाच्या मूळ स्पर्धेंत चित्रें, आवाज आणि खेळाचा सारा मालमसाला त्या मुदतींतच तयार झाला पाहिजे, आणि प्रोग्राम सर्वांना पाहण्यासाठीं उघडा ठेवला पाहिजे, अशी अट असे. सर्वसाधारण उपयोगाचा पायाभूत प्रोग्राम मात्र पूर्वीं लिहिलेला असला तरी चाले. २०१० पासून जोडीला बहात्तर तासांचा एक सैल प्रकार सुरू झाला. त्यांत टोळीनें काम करतां येई. परंतु विचाराविषयीं नियमपत्रिका मुकी होती. विषय कळण्यापूर्वीं मनांत काय आणावें आणि काय आणूं नये यावर पहारा ठेवणारा पंच अजून जन्मास यावयाचा आहे. शिवाय या स्पर्धेंत बक्षीस नव्हतें. स्पर्धकच एकमेकांचे खेळ खेळून मजा, नावीन्य, चित्रें, आवाज अशा निरनिराळ्या सदरांखालीं गुण देत, आणि विषयाशीं संबंध किती हेंहि त्यांत एक सदर असे. ज्याचा पहिला क्रमांक येई त्याला स्वतःच्या खेळाखेरीज कांहीं मिळत नसे. जेथें लुटण्यासारखें कांहीं नाहीं तेथें लबाडीचा प्रश्न तरी कां उठावा? पण तो उठतो, आणि मला वाटतें कीं बक्षीस नाहीं म्हणूनच तो अधिक टोंचतो. बक्षिसासाठीं केलेली लबाडी दुसऱ्याशीं केलेली असते. येथें ज्याच्याशीं करार केला तो करणारा स्वतःच होता.

हें ऐकतांच आपल्यापैकीं कित्येकांना समस्यापूर्तीची आठवण झाली असेल. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रां’त ज्या चौसष्ट कला मोजल्या आहेत त्यांत काव्यसमस्यापूरण ही एक आहे. श्लोकाचा एक चरण द्यावयाचा, बहुधा शेवटचा, आणि तोहि असा विलक्षण कीं त्याचा अर्थ बसवितां बसवितां कवीची तारांबळ उडावी. उरलेले तीन चरण कवीनें तत्काळ रचून तो विलक्षणपणा सार्थ करावयाचा. दहाव्या शतकाच्या आरंभींचा राजशेखर कवि, ज्याचा पणजा अकालजलद हा ‘महाराष्ट्रचूडामणि’ म्हणून गौरविला गेला होता, आपल्या ‘काव्यमीमांसें’त कवीची दिनचर्या सांगतो. त्यानें एक प्रहर विद्यांच्या अभ्यासाला, एक रचनेला, आणि भोजनोत्तर प्रहर काव्यगोष्ठीला दिला आहे. समस्यांचा सराव या गोष्ठीच्या प्रहरांत येतो. म्हणजे आयत्या वेळच्या परीक्षेची तयारी रोज करावी हें त्याला मान्य होतें. मात्र ती तयारी कशाची? वृत्तें जिभेवर घोळलेलीं असावींत, कोश पाठ असावा, पुराणकथा, ऋतूंचीं वर्णनें, उपमानांचा सांठा हाताशीं असावा. तीन तयार चरण गांठीला बांधून सभेला जाणाऱ्या कवीला चौथा चरण ऐकतांच घाम फुटला असता. कारण समस्या देणाराचें सारें कौशल्य त्याचे तयार चरण फुकट घालविण्यांतच असे.

युरोपांत या प्रश्नाला निराळ्या बाजूनें उत्तर दिलेलें आढळतें. पॅरिसच्या ‘एकोल दे बोझार’ या ललितकला विद्यालयांतील वास्तुशिल्पाच्या विद्यार्थ्यांसाठीं रोमचें पारितोषिक म्हणून प्रसिद्ध असलेली एक स्पर्धा होती. ती १९६८ मध्यें बंद झाली. उमेदवारांना लहान लहान खोल्यांत कोंडून घालीत. इमारतीचा विषय तेथेंच हातीं पडे, आणि ठराविक तासांच्या आंत, ग्रंथांची वा मित्रांची मदत न घेतां, इमारतीचा कच्चा आराखडा काढून द्यावा लागे. त्यानंतर अंतिम नकाशे रेखाटून रंगविण्यासाठीं कित्येक महिने मिळत. परंतु अट अशी कीं अंतिम नकाशा त्या पहिल्या आराखड्याला सोडून जातां कामा नये. गेला तर उमेदवार बाद. कल्पनेला तास आणि हाताला महिने, असा तो हिशेब होता. विद्यार्थ्यांचे नकाशे ज्या हातगाडीवरून नेत तिला फ्रेंच भाषेंत ‘शारेत’ म्हणतात. तिच्यावरून अखेरच्या घाईच्या कामालाच शारेत हें नांव पडलें, आणि शिल्पज्ञांच्या तोंडीं तें आजहि आहे. खेळांच्या स्पर्धेंत महिने नाहींत. तेथें आराखडा आणि इमारत एकाच शनिवार-रविवारीं उभीं राहतात. म्हणून तेथला स्पर्धक म्हणतो, निदान आराखडा तरी आधीं काढून ठेवूं.

आतां पुन्हा संगणकाकडे वळूं. हाउलंडच्या स्पर्धेपूर्वीं अवघा एक महिना, मार्च २००२ मध्यें, कॅलिफोर्नियांतील ओकलंड येथें क्रिस हेकर, शॉन बॅरेट आणि त्यांचे सहकारी यांनीं एक मेळावा भरविला. त्याचें नांव ‘इंडी गेम जॅम’. जाझ वादक पूर्वीं कांहीं न ठरवितां एकत्र बसून वाजवितात त्या बैठकीला जॅम म्हणतात; तो शब्द पुढें या जातीच्या सर्व स्पर्धांना चिकटला. मोठ्या कंपन्यांचें भांडवल एकेका खेळांत गुंतलेलें असतें, म्हणून त्या नवा नियम आजमावण्यास कचरतात. उलट चारच दिवस खर्ची पडावयाचे असतील तर फसण्याचें भय उरत नाहीं, हा या मेळाव्याचा हेतु होता. चौदा प्रोग्रामर चार दिवस एकत्र बसले. त्यांचा विषय शब्दांत दिलेला नव्हता. पडद्यावर एकाच वेळीं एक लाख लहान आकृति हालवूं शकेल असा पायाभूत प्रोग्राम आधींच तयार करून ठेवला होता, आणि तोच विषय. तयारी झाली होती, आणि ती भरपूर झाली होती. मात्र ती हत्याराची होती. लाख माणसांच्या गर्दीचें काय करावयाचें हें ज्यानें त्यानें तेथें बसून ठरविलें. पुढच्या वर्षीं खेळणाऱ्याच्या सावलीवर, आणि त्याच्या पुढच्या वर्षीं पदार्थविज्ञानाच्या नियमांवर त्यांनीं असेच मेळावे केले.

या विषयावरील सर्वांत उद्बोधक अनुभव मात्र २००५ सालचा आहे, आणि तेथें जरा थांबावेंसें मला वाटतें. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठांत काइल गॅब्लर, काइल ग्रे, मॅट कुचिक आणि शालिन शोधन या चार विद्यार्थ्यांनीं एका सत्रांत पन्नासांहून अधिक खेळ करून पाहिले. नियम तीन. खेळ एकट्यानें करावयाचा. सात दिवसांच्या आंत करावयाचा. आणि सर्वांना समान अशा एका विषयाभोंवतीं करावयाचा. गुरुत्वाकर्षण, वनस्पति, थवे, असे ते विषय असत. सत्राच्या अखेरीस त्यांनीं आपला अनुभव लिहून प्रसिद्ध केला, आणि त्यांत एक कबुली अशी दिली कीं, सर्वांनीं मुद्दाम एकत्र बसून, फळ्यावर यादी करून, कल्पना काढण्याच्या ज्या बैठका झाल्या त्यांतून हातीं कांहींच लागलें नाहीं. यशाचें प्रमाण शून्य. पन्नास खेळ करणाऱ्यांचा हा निर्वाळा आहे, म्हणून तो सहज बाजूला सारतां येत नाहीं.

मग त्यांना सुचलें कसें? गॅब्लरनें आपल्या एका खेळाची जन्मकथा सांगितली आहे. अर्जेंटिनाचा संगीतकार आस्तोर पियाझोला याची एक टँगो चीज तो ऐकत होता. ऐकतां ऐकतां त्याच्या डोळ्यांपुढें एक गांव उभें राहिलें. सूर्य मावळतीला आला आहे. माणसें घराबाहेर पडत आहेत. कोणी खुर्ची, कोणी टेबल, हातीं लागेल तें घेऊन गांवाच्या मध्यभागीं एक उंच मनोरा रचीत आहेत. तो कशासाठीं रचावयाचा हें त्याला ठाऊक नव्हतें. त्यांना वर वर चढावयाचें होतें एवढेंच. पण तीं माणसें कांहीं कसबी बांधकाम करणारीं नव्हतीं, म्हणून त्यांना मदत करावयाची. या दृश्यांतून ‘टॉवर ऑफ गू’ हा खेळ झाला. चिकट गोळे एकमेकांना जोडून मनोरा उंच उंच न्यावयाचा, आणि तो डुलूं लागला कीं श्वास रोंखून पाहावयाचें. त्याच बीजापासून २००८ मध्यें ‘वर्ल्ड ऑफ गू’ हा मोठा आणि नांवाजलेला खेळ निघाला. गॅब्लरच्या मनांत गांव होतें, संध्याकाळ होती, एक ओढ होती. ‘विषय अमुक, म्हणून कल्पना तमुक’ असा कोठेंहि त्रैराशिकाचा हिशेब नव्हता. चित्रें आणि संगीत आधीं गोळा करून मनाला एक भावना लावून घ्यावी, अशी त्या चौघांची शिफारस आहे. माझ्या मतें विषयापूर्वींच्या दिवसांत करण्यासारखी तयारी असेल तर ती ही.

याच्या उलट वहींतल्या याद्यांची गोष्ट. आपल्या शाळांतून सांगितली जाणारी ती जुनी गोष्ट आपण ऐकली असेलच. एका मुलानें परीक्षेसाठीं गाईवरचा निबंध पाठ केला आणि परीक्षेंत विषय निघाला नदी. त्यानें गाय नदीकाठीं नेली, तिला तेथल्या झाडाला बांधली, आणि मग गाईला चार पाय असतात येथून पुढें सारा निबंध खडाखड लिहून काढला. विषयापूर्वींच एकाद्या कल्पनेच्या प्रेमांत पडलेल्या स्पर्धकाचें असेंच होतें. त्याला एका चोराचा खेळ करावयाचा असतो. विषय निघतो ‘बेटें’; मग चोर बेटावर जातो. विषय निघतो ‘गुहा’. मग चोर गुहेंत शिरतो. हे दोन्ही विषय खरोखर निघालेले आहेत, पहिला एप्रिल २०१० मध्यें आणि दुसरा ऑगस्ट २००९ मध्यें; चोर तेवढा माझ्या पदरचा. खेळणाऱ्याला ही बांधलेली गाय तत्काळ दिसते, आणि विषयाच्या सदराखालीं तो त्याप्रमाणें गुण देतो.

तरीसुद्धां यादी अगदींच टाकाऊ आहे असें मी म्हणणार नाहीं. तिचा एक उपयोग असा आहे कीं जो यादी करणाराच्या सहसा लक्षांत येत नाहीं. कोणताहि विषय ऐकतांच जी पहिली कल्पना सुचते ती सर्वांनाच सुचते. डिसेंबर २०११ मध्यें ‘एकटा’ हा विषय होता. त्यावर ओसाड जागीं हरवलेल्या माणसाची कल्पना कोणाला सुचणार नाहीं? ज्यानें दोन दिवस आधीं हा विषय यादींत पाहून ही पहिली कल्पना वहींत उतरविली त्याची ती एकदांची होऊन गेली. प्रत्यक्ष वेळ आली म्हणजे तो तिच्यावरून ओलांडून पलीकडे जाऊं शकतो. अर्थात् तेवढें धैर्य पाहिजे. लिहून ठेवलेली गोष्ट टाकून देणें माणसाला फार जड जातें, आणि घड्याळ चालूं असतां तर अधिकच.

आणि कांहींच न सुचणें हें काय असतें याचेंहि एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १८१६ सालच्या उन्हाळ्यांत जिनीव्हाच्या सरोवराकाठीं पावसानें अडकून पडलेल्या मंडळींना कवि बायरन यानें प्रत्येकानें एकेक भुताची गोष्ट लिहावी असा विषय दिला. मेरी शेली ही तेव्हां अठरा वर्षांची होती. गोष्ट सुचली का, असें तिला रोज सकाळीं विचारीत, आणि रोज तिला नाहीं म्हणावें लागे. ती ओशाळगत तिनें पुढें १८३१ सालीं आपल्या प्रस्तावनेंत नमूद केली आहे. त्यानंतर तिला जें सुचलें तें ‘फ्रँकेन्स्टाइन’. बायरननें तिला अट्ठेचाळीस तासांची मुदत घातली असती तर काय झालें असतें, हा विचार माझ्या मनांत नेहमीं येतो. मुदतीचा गुण गातांना तिची ही किंमतहि ध्यानांत असावी.

यादीचा मोह समूळ नाहींसा करण्याचा एक मार्ग आहे. तो म्हणजे विषय गुप्त ठेवणें. कोपनहेगन येथें २००६ पासून ‘नॉर्डिक गेम जॅम’ भरत असे; तिच्या धर्तीवर सुसान गोल्ड, इअन श्रायबर आणि गॉर्म लाइ यांनीं साऱ्या जगासाठीं ‘ग्लोबल गेम जॅम’ काढली. ती प्रथम ३० जानेवारी ते १ फेब्रुवारी २००९ या दिवसांत भरली. तेवीस देशांतील त्रेपन्न ठिकाणीं माणसें जमलीं आणि साडेतीनशेंहून अधिक खेळ तयार झाले. जोंवर आपण एकमेकांचे आहों तोंवर अडचणींना तोटा नाहीं, अशा अर्थाचें एक मिस्किल वाक्य हा पहिल्या वर्षाचा विषय होता. येथें मतदान नव्हतें आणि यादीहि नव्हती. प्रत्येक ठिकाणीं तेथल्या घड्याळाप्रमाणें संध्याकाळचे पांच वाजल्यावर विषय सांगावयाचा, असा नियम ठेवला होता. आतां पृथ्वी गोल असल्याची अडचण पहा. न्यूझीलंडांत शुक्रवारीं संध्याकाळचे पांच वाजतात तेव्हां आपल्याकडे सकाळचे साडेनऊ झालेले असतात, आणि हवाई बेटांत अजून गुरुवारची संध्याकाळ असते. म्हणजे न्यूझीलंडच्या स्पर्धकाला विषय कळल्यापासून हवाईच्या स्पर्धकाला तो कळेपर्यंत तेवीस तास लोटावयाचे. एवढा वेळ, इंटरनेटनें जोडलेल्या जगांत, पूर्वेच्या तरुणांनीं ती गोष्ट पोटांत ठेवावी आणि पश्चिमेच्या तरुणांनीं ती शोधूं नये, ही अपेक्षा शिक्षेच्या धाकावर उभी नव्हती. ती केवळ विनंतीवर उभी होती. मला या व्यवस्थेंत विषयापेक्षांहि ही विनंती अधिक मनोहर वाटते.

पुढें पुढें तर विषय शब्दांतच देण्याचें बंधनहि त्यांनीं टाकून दिलें. २०१२ सालीं आपलेंच शेपूट गिळणाऱ्या सर्पाचें प्राचीन चित्र दाखविलें. २०१३ च्या जानेवारींत कांहीं दाखविलें नाहीं, फक्त ऐकविलें. सभागृहांत माणसाच्या हृदयाचे ठोके ऐकूं आले, आणि तोच विषय. वहींत शंभर विषय लिहून आणणाऱ्याचीहि येथें मात्रा चालली नसती. लंडनच्या ‘बॉसा स्टुडिओज’मधील चौघांनीं त्या ठोक्यांवरून हृदय बदलण्याच्या शस्त्रक्रियेचा खेळ केला. शस्त्रवैद्याचा हात खेळणाऱ्याच्या स्वाधीन; पण त्या हाताचीं बोटें वेगवेगळ्या कळांनीं हालवावयाचीं, त्यामुळें सुरी उचलतां उचलतां ती रोग्याच्या पोटांत पडते आणि बरगड्यांवर हातोडी बसते. प्रसंग जीवघेणा आणि हंसूं तर आवरत नाहीं. ‘सर्जन सिम्युलेटर’ या नांवानें तो त्याच वर्षीं एप्रिलांत बाजारांत आला.

विषयानेंच जन्माला घातलेल्या अशा खेळांचीं आणखी दोन-तीन उदाहरणें देऊन मी आटोपतें घेतों. डिसेंबर २०१३ च्या लुडम डेअरला ‘तुम्हांला एकच मिळतें’ असा विषय होता. मार्क फॉस्टर आणि त्याचे साथीदार यांनीं नायकाला एकच बाण दिला. तो मारावयाचा आणि परत जाऊन उचलावयाचा. समोरचे राक्षस प्रचंड, पण तेहि एकाच वर्मी घावानें मरणारे. ‘एक’ हा शब्द दोन्ही बाजूंना लावल्याबरोबर खेळ तोलला गेला. २०१५ सालीं तो ‘टायटन सोल्स’ म्हणून प्रसिद्ध झाला. डिसेंबर २०१८ मध्यें ‘बळी दिलाच पाहिजे’ हा विषय निघाला. डॅनियल मलिन्स या कॅनडांतील रचनाकारानें पत्त्यांचा असा खेळ केला कीं एक प्राणी डावांत आणावयाचा तर आपलाच दुसरा प्राणी बळी द्यावयाचा. तीन वर्षांनीं, २०२१ मध्यें, त्यांतून ‘इन्स्क्रिप्शन’ हा खेळ वाढला, आणि २०२२ च्या स्वतंत्र खेळांच्या महोत्सवांत त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालें.

फिनलंडच्या आर्वी तेइकारीची हकीकत याहून सूक्ष्म आहे. २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅमचा विषय ‘तेथें नाहीं’ असा होता. इतरांना त्यांतला ‘तेथें’ दिसला असावा. तेइकारीला ‘नाहीं’ दिसला. तर्कशास्त्रांतील नकार हा हातानें ढकलतां येणारा ठोकळा केला तर? त्याच्या डोळ्यांपुढें तापलेल्या लाव्हांत न वितळणारा बर्फाचा तुकडा आला. तो वितळत नाहीं, कारण शेजारीं ठोकळ्यांनीं वाक्य मांडलें आहे कीं बर्फ वितळत नाहीं. ठोकळे हालवून वाक्य बदलावें आणि वाक्य बदलतांच जगाचा नियम बदलावा, असा ‘बाबा इज यू’ हा खेळ तेथें झाला, पहिला आला, आणि मार्च २०१९ मध्यें पूर्ण स्वरूपांत प्रसिद्ध झाला. तर्काची आवड तेइकारीला विषयापूर्वींच होती, यांत शंका नाहीं. ती त्याची वृत्तें आणि कोश. पण ‘नाहीं’ हा चौथा चरण त्याला कोपनहेगनांत मिळाला.

तेव्हां आदल्या आठवड्यांत स्पर्धकानें काय करावें? मला विचाराल तर मी सांगेन कीं हत्यारें तपासून पाहावींत; एकादा अगदीं क्षुद्र खेळ आरंभापासून शेवटपर्यंत करून आपला हात किती चालतो याचा अंदाज घ्यावा; संगीत ऐकावें, चित्रें पाहावींत, आणि शुक्रवारीं पोटभर झोंप घ्यावी. लुडम डेअरच्या मंडळींत तर स्पर्धेपूर्वीं सरावासाठीं एक निराळा शनिवार-रविवार ठेवण्याची चालच होती. यादी करावीशी वाटली तर करावी, पण तिच्यांतल्या एकाहि ओळीवर जीव जडवूं नये. डिसेंबर २०१५ मध्यें शेवटच्या फेरींत दोन विषयांना सारखींच मतें पडलीं, ‘दोनच कळांनीं चालणारा खेळ’ आणि ‘वाढ’, आणि दोन्ही विषय जाहीर झाले. ज्यांनीं प्रत्येक विषयापुढें एकेक कल्पना नेमून ठेवली होती त्यांच्या वह्यांत या जोडप्याला पान नव्हतें.

लुडम डेअरची मोजदाद शून्यापासून होते, कारण प्रोग्रामर मंडळी सारेंच शून्यापासून मोजतात. त्यामुळें तिसऱ्या क्रमांकाची स्पर्धा ही खरी चौथी. ती २००३ सालीं झाली. तिचा विषय ‘तयारी’ हाच होता, आणि त्यापुढें पोटमथळा जोडला होता, ‘मांडून ठेवा, मग सोडून द्या’. खेळणाऱ्यानें सारें कांहीं आधीं नीट रचावयाचें, आणि खेळ सुरू झाला कीं हात काढून घेऊन काय होतें तें पाहत बसावयाचें.